एका दंडावरून दुसऱ्या दंडावर

पन्नाशी उलटलेल्या माणसाची बाही वर सारली की दंडावर बहुधा एक-दोन गोल खुणा दिसतात. कातडी तिथे जराशी खोलगट, आजूबाजूपेक्षा फिकट, आणि निरखून पाहिलं तर टाचण्या टोचल्यासारखी. नातवंडांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘‘देवी काढलेल्या आहेत.’’

‘देवी आल्या’ म्हणजे रोग झाला आणि ‘देवी काढल्या’ म्हणजे तो होऊ नये म्हणून टोचून घेतलं. जिला घालवायचं ती आणि जिच्या जोरावर घालवायचं ती, दोघींना मराठीने एकच नाव दिलं. ‘लस’ हा शब्द तर त्याहून बोलका. जखमेतून, खरजेतून पाझरणारं पातळ चिकट पाणी म्हणजे लस. आज शीतपेटीतल्या इवल्याशा कुपीलाही आपण तेच नाव देतो आणि कुणाला त्यात किळस वाटत नाही. पण ज्यांनी हा शब्द या कामासाठी उचलला त्यांच्या डोळ्यांसमोर कुपी नव्हती. त्यांच्यासमोर होता एखाद्या मुलाच्या दंडावरचा टपोरा फोड.

देवी मोठ्यांनाही होत. पण जिथे हा रोग ठाण मांडून असे तिथे तो माणसाला लहानपणीच गाठी, आणि एकदा वाचलेल्याच्या वाटेला पुन्हा जात नसे. म्हणून तो मुलांचाच रोग मानला गेला. घरात देवी आल्या की फोडणी बंद, मांसमच्छी बंद, रोग्याच्या उशापायथ्याशी कडुनिंबाचा पाला. मूल कितीही किरकिरलं तरी त्याच्यावर ओरडायचं नाही, कारण अंगात माता आहे. माता गेली की मुंबईकर माहीमच्या शीतलादेवीला जाऊन यायचे. वाचलेल्याच्या तोंडावर व्रण राहत आणि पुष्कळदा डोळा गेलेला असे.

इंग्लंडात बर्कली गावच्या एडवर्ड जेन्नरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, तेव्हा ती थोडक्यात. १४ मे १७९६ रोजी त्याने सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस आपल्या माळ्याच्या मुलाला टोचली. हा फोड गायीच्या आचळांवरून आलेल्या सौम्य रोगाचा होता. मुलाचं नाव जेम्स फिप्स, वय आठ. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीची लस मुद्दाम टोचून पाहिली आणि त्याला काही झालं नाही. आजच्या कुठल्याही नीतिसमितीने हा प्रयोग दारातूनच परत पाठवला असता.

खरी अडचण पुढची होती. ही लस जपायची कशी? दोऱ्याला लावून, काचेच्या दोन तुकड्यांमध्ये वाळवून ती जहाजाने पाठवली जाई. आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडहून मुंबईला यायला तेव्हा महिनेच्या महिने लागत, आणि वाटेतल्या उन्हाने ती मरून जाई. असे प्रयत्न एकामागून एक फसले. शेवटी तिने खुष्कीचा मार्ग धरला. व्हिएन्नाच्या जाँ द कारो या डॉक्टराने पाठवलेली लस कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादला पोचली, तिथून बसऱ्याला. वाटेत ठिकठिकाणी कुणा ना कुणा मुलाच्या दंडावर ती ताजी करून घेतली जाई. बसऱ्याहून समुद्रमार्गे ती मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ॲना ही एका कॅप्टनच्या घरच्या नोकराची मुलगी. मुंबईतलेच एक डॉक्टर जॉर्ज कीर यांनी पुढच्याच वर्षी या साऱ्याची हकिगत छापली. पोर स्वभावाने फार गोड होती, ही नोंदही त्यांनी न विसरता केली आहे.

लस धरली ती तिच्या एकटीच्या दंडावर. आठवड्याभराने तिच्या फोडातून पाच मुलांना टोचलं, त्यांच्यावरून आणखी मुलांना. मग सुरत, पुणे, हैदराबाद, मद्रास. मद्रासहून कलकत्त्याला ती जहाजावरच्या मुलांच्या दंडांवर बसूनच गेली. हिंदुस्थानात त्या सुरुवातीच्या काळात ज्याला ज्याला लस मिळाली त्याची वंशावळ या तीन वर्षांच्या मुलीपाशी येऊन थांबते. त्याच वर्षी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, बाजीराव पळाला आणि वर्षअखेर वसईचा तह झाला. १८०२ म्हटलं की आपल्याला तेवढंच आठवतं. ॲनाचं पुढे काय झालं, ती किती जगली, हे कुणी लिहून ठेवण्याच्या भानगडीत पडलं नाही.

या साखळीचं गणित मोठं कडक होतं. टोचल्यावर तीन-चार दिवसांनी जागा लाल होते, मग फोड उठतो, आणि सातव्या-आठव्या दिवशी त्यात काचेसारखी नितळ लस भरते. दोन दिवस उशीर झाला की ती गढुळते, तिचा पू होतो आणि काम संपतं. म्हणजे टोचणाऱ्याला दर आठवड्याला एक असं मूल हवं ज्याला आज बरोबर आठ दिवस झाले आहेत, आणि त्याच्याशेजारी दुसरं असं ज्याला अजून ना देवी आल्या आहेत ना लस मिळाली आहे. एका आठवड्यात मूल मिळालं नाही की साखळी तुटली. १८०३ च्या नोव्हेंबरात स्पेनहून अमेरिकेकडे निघालेल्या फ्रान्सिस्को बाल्मिस या डॉक्टराने हे गणित सरळ जहाजावर चढवलं. त्याच्याबरोबर २२ अनाथ मुलगे होते आणि त्यांची देखभाल करणारी इसाबेल सेंदाल. ठरावीक दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचत त्याने अटलांटिक ओलांडला. एकाचा फोड चुकून फुटला तरी दुसरा हाताशी असावा म्हणून जोडी. मुलांची ही बरणी भरून नेण्याची युक्ती हुशारीची होती यात शंका नाही, पण त्या २२ जणांना कुणी विचारलं नव्हतं हेही तितकंच खरं.

विचारायचा प्रश्न मुंबई इलाख्यातही होता, फक्त इथे मुलं अनाथ नव्हती. १८२७ मध्ये इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत घालून दिली गेली. देशी टोचणारे गावोगाव हिंडत आणि त्यांच्यावर गोरे अधिकारी देखरेख ठेवत. टोचणारा आला की आयांची तक्रार टोचण्याबद्दल कमी असे आणि आठव्या दिवसाबद्दल जास्त. एकदा टोचून घेतलं, मूल दोन दिवस तापलं, ठीक आहे. पण आठवड्याने तोच माणूस पुन्हा दारात उभा राही आणि कुठे बरा होऊ लागलेला फोड सुरीने उघडून त्यातलं पाणी दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी काढून नेई. आपल्या मुलाचं सत्त्व उपसून नेतात असं आईला वाटलं तर तिला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय लस कुणाच्या अंगातली? जातीची उतरंड इथे थेट रक्तापर्यंत येऊन भिडत होती. ज्या घरच्या पाण्याचा घोट चालत नव्हता त्या घरच्या मुलाच्या फोडातलं पाणी अंगात कसं घ्यायचं? टोचणारे त्यावर आपापल्या परीने तोड काढत. हरकतवाल्याच्या समाधानाजोगं मूल शोधून आणणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग झाला.

काही इंग्रज अंमलदारांना याहून सोपा उपाय सुचला. १८१९ च्या सुमारास मद्रासच्या इंग्रजी वृत्तपत्रातून गोष्ट पसरली की ही विद्या मुळात इथलीच, धन्वंतरीच्या नावावरच्या ग्रंथात गायीच्या फोडांची लस दंडाला लावण्याची कृती दिलेली आहे. लोकांनी आपलीच म्हणून ती घ्यावी, हा त्यामागचा मतलब. डोमिनिक वूजास्टिक या संस्कृतच्या अभ्यासकाने १९८७ च्या निबंधात या दाव्याची चिरफाड केली. असे श्लोक कुठल्याही जुन्या वैद्यकग्रंथात सापडत नाहीत. मात्र ती थाप अजून मोबाइलवर फिरते आहे, आणि गंमत म्हणजे आता ती इंग्रजांचं नाक कापायला वापरली जाते.

दंडावरून दंडावर लस नेण्यात आणखी एक धोका होता आणि तो बोलून दाखवायला डॉक्टरांनाही जड जात होतं. ज्या मुलाच्या अंगातून लस घेतली त्याला दुसरा काही रोग असेल तर? १८६१ मध्ये इटलीतल्या रिवाल्ता गावी एका मुलाच्या फोडातून टोचलेल्या चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला. युरोपभर हलकल्लोळ माजला. मग नेपल्सची जुनी पद्धत डॉक्टरांना आठवली. लस मुलांऐवजी वासरांच्या अंगावर वाढवायची.

मुंबईत ही पद्धत रुजवणारा माणूस मराठी होता. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून जे पहिले आठ विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडले त्यांत भाऊ दाजी होते, आत्माराम पांडुरंग होते आणि अनंत चंद्रोबा होते. पहिल्याचं नाव भायखळ्याच्या संग्रहालयावर आहे, दुसऱ्याचं प्रार्थनासमाजाच्या इतिहासात. अनंत चंद्रोबा लसीकरण खात्यात गेले आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईत जनावरांवर लस जोपासण्याचं काम सुरू केलं. खात्यातली नोकरी, गोठा आणि गोचिडांचा सहवास. चौकात पुतळा उभा राहण्याजोगं त्यात काही नव्हतं. पण पोराच्या दंडावरचा भार उतरवला तो या गोठ्याने.

कृती अशी. वासराला आडवं बांधून पोटाखालचे केस भादरायचे, कातडी स्वच्छ धुवायची, सुरीच्या टोकाने बारीक चरे पाडायचे आणि त्यांत लस चोळायची. पाचेक दिवसांत चऱ्यांच्या रेघांवर फोडांच्या रांगा उठतात. त्या खरवडून निघालेला गर खलात घोटायचा. पुढे तो ग्लिसरीनमध्ये घोटू लागले, त्यामुळे तो टिकूही लागला. गायीचं वासरू म्हटलं की लोक नाराज होत. रेडकू आणलं की कुरकुर बरीच निवळे. मुंबई शहरात १८७७ साली मुलांना लस टोचून घेणं कायद्याने सक्तीचं झालं. गोठ्याशिवाय हा कायदा कागदावरच राहिला असता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इलाख्याची लस बनवण्याची मुख्य जागा बेळगावला गेली. हवा थंड, रेडकं मुबलक. बेळगावकराला आज ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हटलं की टिळकवाडीतली झाडी आठवते, सकाळी फिरायला येणारे लोक आठवतात, आणि सीमाप्रश्नाचे मेळावे व त्यांवरची बंदी तर हमखास. तिथे रेडकांच्या पोटावर मुंबई-पुण्याच्या पोरांची लस पिकत होती हे नावातच शिल्लक आहे, पण नाव इतकं घासलं गेलंय की ते ऐकूच येत नाही. स्वातंत्र्यानंतर पातवाडांगर, हैदराबाद आणि गिंडीबरोबर बेळगावही गोठवून सुकवलेली लस करू लागलं. ही भुकटी उन्हात टिकते. ॲनाच्या दंडाची जागा अखेर तिने घेतली.

विरोध तरीही संपला नव्हता, आणि विरोधक नेहमी अडाणीच असत असंही नाही. गांधीजींना लस टोचणं अमंगल वाटे आणि ते तसं लिहीतही. १९३० च्या सुरुवातीला, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि काही मुलं दगावली. त्यांत आश्रमात भजनं शिकवणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचंही मूल होतं. पलुस्करांचे हे शिष्य त्यानंतर काही दिवसांतच यात्रेत चालत निघाले.

साठच्या दशकात टोचणाऱ्याच्या हातात फिरकी असे. चवलीएवढी चकती, तिच्या तोंडाशी बारीक दाते. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, चकती दाबायची आणि गर्रकन फिरवायची. शाळेत टोचणारे आल्याची कुणकुण लागताच मागच्या भिंतीवरून पळालेली पोरं प्रत्येक गावात होती. सुरुवातीला सांगितलेल्या गोल खुणा बहुतेक या फिरकीच्याच. नंतर दुतोंडी सुई आली, पंधरा हलके टोचे मारले की झालं. २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंजला भारतातला अखेरचा रोगी सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण या पावणेदोनशे वर्षांत काही दंड असेही होते ज्यांच्यावरचा फोड विझलाच नाही. देवीची लस म्हणजे जिवंत विषाणू. धडधाकट मुलाच्या दंडावर तिसऱ्या आठवड्यात खपली पडते आणि विषय मिटतो. फार क्वचित एखाद्या बाळाच्या दंडावर मात्र फोड पसरतच जाई, दंड, खांदा, छाती काळी पडे आणि काही महिन्यांत मूल जाई. डॉक्टरांनी कधी लसीला दोष दिला, कधी टोचणाऱ्याला. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांत १९ वेळा त्याच्या रक्तात जंतुदोष झाला होता. रक्ताची तपासणी केली तर त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंना ओळखून धरणारी प्रथिनं, जवळपास नव्हतीच. ब्रूटन त्याला दर महिन्याला ती टोचू लागले आणि मुलगा सावरला. शरीराची राखण करणारी यंत्रणाच जन्मतः अधुरी असू शकते, हे त्या मुलाने शिकवलं.

मग कोडं पडलं. ब्रूटनच्या मुलासारखी मुलं जंतूंपुढे हतबल होती, पण गोवरातून आणि देवीच्या लशीतून ती बहुधा सुखरूप बाहेर पडत. उलट १९५० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वर्णन झालेली दुसऱ्या जातीची बाळं, ज्यांच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीच दिसत नव्हत्या, ती जिवंत लशीनेच मरत. म्हणजे राखणदार एक नाही, दोन आहेत. मिनेसोटाच्या रॉबर्ट गुड यांनी अशा मुलांना निसर्गानेच मांडलेले प्रयोग म्हटलं. १९६५ मध्ये त्यांच्या चमूने कोंबडीच्या पिलांवर दाखवून दिलं की या दोन यंत्रणा दोन वेगळ्या अवयवांतून घडतात. १९६८ मध्ये गुड यांनी असल्याच एका पाच महिन्यांच्या बाळाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली, आणि ते बाळ जगलं. खपली न धरणाऱ्या फोडाचं कोडं दीडशे वर्षांनी सुटलं ते असं.

मुंबईत या धाग्याचं पुढचं टोक परळला सापडतं. आचार्य दोंदे मार्गावर केईएम, मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय आणि हाफकिन संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. १९५२ मध्ये केईएममध्येच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. १९५७ मध्ये त्या आवारात रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. आज ती राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, केईएमच्या उंच इमारतीच्या तेराव्या मजल्यावर. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांचं निदान हे तिथलं एक मोठं काम.

अशा बाळाची पहिली खूण अनेकदा डाव्या दंडापाशीच असते. आपल्याकडे क्षयाची धास्ती म्हणून बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. बीसीजीही जिवंत. काही आठवड्यांनी डाव्या काखेत गाठ येते, टोचल्या जागी चिघळतं, तोंडातला पांढरा थर जाता जात नाही, वजन वाढत नाही. ‘‘आधीचंही असंच गेलं,’’ असं आई सांगते, आणि डॉक्टर थांबतात. चमचाभर रक्त त्या तेराव्या मजल्यावर जातं; तिथे पेशींना रंगीत खुणा चिकटवून एकेक पेशी लेसरच्या किरणासमोरून सोडतात आणि मोजतात. जिथे पेशींचा दाट ढग दिसायला हवा तिथे पडद्यावर चारदोन ठिपके दिसले की निदान झालं.

आणखी एक शोध या मुलांपाशी येऊन थांबतो. भारतातला पोलिओचा अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. पण तोंडावाटे देतात ती पोलिओची लसही जिवंत, आणि ज्याची प्रतिकारशक्ती अधुरी आहे त्याच्या आतड्यातून तिचा विषाणू लवकर बाहेर पडत नाही. इंग्लंडात एका माणसाच्या शौचातून तो २८ वर्षं येत राहिल्याची नोंद आहे, आणि इतक्या काळात सौम्य विषाणू बदलून पुन्हा पांगळं करण्याइतका तिखट होतो. म्हणून भारतातही अशा मुलांचे नमुने तपासले गेले, आणि काहींत तो सापडला. मुंबईत ही तपासणी करणारं, पूर्वी आंत्रविषाणू संशोधन केंद्र म्हणून ओळखलं जाणारं केंद्र हाफकिनच्याच आवारात. ॲनाच्या दंडावर विषाणू टिकावा म्हणून डॉक्टर आठ दिवस जीव मुठीत धरून बसले होते. या मुलांच्या बाबतीत डॉक्टर वाट पाहतात ती नमुन्यात तो सापडेनासा होण्याची. मूल बरं दिसलं तरी शौचाच्या नमुन्याची डबी पुन्हा मागवली जाते, बर्फाच्या पेटीत ठेवून दोंदे मार्गाने जाते, आणि निकाल येईपर्यंत आई वाडियाच्या पायऱ्यांवर पोर मांडीवर घेऊन बसलेली असते.